अडलेला शब्द आणि पुढचं पान

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखिका पस्तिशीच्या आहेत. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातून झालं. घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तकं हातात घेऊ लागल्याला वर्षच झालं आहे. जुन्या कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं वाचायची हौस आहे. अडचण अशी की पानापानावर शब्द अडतात. शब्द अडला की त्या फोन उचलतात, अर्थ शोधतात, वहीत उतरवतात. वही भरत आली, कादंबरी मात्र एकही पुरी झाली नाही. शिवाय वहीतला शब्द पुन्हा समोर आला की अर्थ आठवत नाही तो नाहीच.

मैत्रिणी म्हणतात, अंदाजाने पुढे जा. तसं करून पाहिलं, तर वाचनगटात फजिती झाली. कादंबरीतलं एक पत्र नायिकेच्या ‘अपरोक्ष’ वाचलं जातं. यांनी हिशेब केला: परोक्ष म्हणजे नजरेआड, तर अपरोक्ष म्हणजे नजरेसमोर. मग ‘आपल्या देखत पत्र वाचलं जात असताना ही गप्प का बसली?’ यावर त्या गटात बराच वेळ बोलल्या. पत्र तिच्या पाठीमागे वाचलं गेलं होतं, हे कुणीतरी सांगितलं आणि सगळे हसले. त्या लिहितात: ‘पुढच्या प्रकरणात तिला हे नोकराकडून कळतं आणि ती संतापते, ते वाचताना मला जरा विचित्र वाटलं होतं. पण शब्दाचा अर्थ पक्का ठरवला होता, म्हणून पुढे गेले. आता अंदाजाची भीतीच बसली आहे. शब्द न बघता पुढे गेलं की स्वतःलाच फसवतेय असं वाटतं, आणि बघत बसलं की वाचनाची गोडी जाते. काय करू? आणि चांगला कोश विकत घ्यावा, की फोन पुरे?’

उत्तर

नमस्कार,

तुमच्या फजितीपासूनच सुरुवात करते, कारण तिच्यातून तुम्ही घेतलेला धडा मला पटलेला नाही.

‘अपरोक्ष’ तुम्ही फोडलात तो अगदी बरोबर फोडलात. संस्कृतच्या हिशेबाने त्याचा अर्थ डोळ्यांसमोरचा, प्रत्यक्ष, असाच होतो. वेदान्तात ‘अपरोक्ष’ ज्ञान म्हणतात ते थेट अनुभवाचं ज्ञान. पण मराठीत ‘माझ्या अपरोक्ष हे ठरलं’ म्हणणाऱ्या माणसाला ‘मी तिथे नसताना’ असं म्हणायचं असतं. चुकीचं म्हणा, रूढ म्हणा, दोन्ही अर्थ चालू आहेत आणि ते एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत. त्यातला कुठला अर्थ त्या लेखकाच्या मनात होता, हे नुसत्या शब्दाकडे बघून कुणालाच सांगता आलं नसतं. हसणाऱ्यांनाही नाही. त्यांना ते कळलं ते पुढच्या प्रकरणावरून.

आणि पुढचं प्रकरण तुम्हीही वाचलं होतं. तिला ते नोकराकडून कळतं हे वाचताना तुम्हाला ‘जरा विचित्र’ वाटलं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या दृष्टीने ते आहे. समोर घडलेली गोष्ट पुन्हा नोकराकडून कळायची काय गरज? हे तुमच्या मनाने टिपलं होतं. कादंबरी तुम्हाला ओरडून सांगत होती की तुमचा अर्थ इथे बसत नाही, पण तुम्ही बाजू घेतलीत ती शब्दाची. तेव्हा चूक अंदाज केल्याची नव्हती. एकदा केलेला अंदाज तुम्ही सोडायला तयार नव्हता, एवढीच ती होती. या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली असती तर प्रत्येक शब्दाला कोश, हा तुमचा बंदोबस्त योग्य ठरला असता. दुसरीवर कोशाचा फारसा उपयोग नाही. ‘विचित्र वाटलं’ की थांबायची सवय लावून घेणं, हाच तिच्यावर इलाज.

हे वाचताना कसं होतं ते एका उताऱ्यावर करून बघू. उतारा मीच रचला आहे, जुन्या कादंबरीच्या वळणाचा:

*दिवेलागणीला आत्या ओसरीवर आल्या. कंदिलाची काच पुसून त्यांनी वात वर केली, कनवटीची किल्ली काढली आणि फडताळ उघडलं. आतून एक जीर्ण बाड निघालं. दोरी सोडताच पिवळी पानं मांडीवर पसरली. ‘आजोबांचं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी पुष्कळदा काढून बघितलं. पण मला लागत नाही.’*

तुमच्या सवयीने यातल्या सहा शब्दांपाशी फोन उचलला जाईल: दिवेलागण, ओसरी, कनवट, फडताळ, जीर्ण, बाड. आता फोन बाजूला ठेवून बघा. ‘दिवेलागण’ स्वतःच बोलतो आहे, शिवाय लगेच कंदील येतो, संध्याकाळ झाली. ‘ओसरी’ हा घराचा काहीतरी भाग आहे, जिथे येऊन बसता येतं. तो पुढे की मागे, उघडा की बंद, याने या प्रसंगात काडीचा फरक पडत नाही. कनवटीची किल्ली त्यांनी कुठेही न जाता काढली, म्हणजे ती अंगावरच कुठेतरी खोचलेली होती. किल्लीने उघडतं आणि आत वस्तू राहतात, म्हणून फडताळ हे कपाटच. लाकडी की भिंतीतलं, असू द्या. ‘जीर्ण’चा अर्थ पिवळी पानं सांगतात.

‘बाड’ मात्र असा सोडता येत नाही, कारण सगळा प्रसंग त्याच्याभोवती उभा आहे. दोरीने बांधलेलं आहे, आत पानं आहेत. ही पानं झाडाचीही असू शकतात की! आजोबा वैद्य असतील, वाळवलेली पानं जपून ठेवली असतील. म्हणजे तूर्त दोन अंदाज हातात आहेत, आणि दोन्ही हातात ठेवूनच पुढे जायचं.

आता शेवटचं वाक्य बघा. त्यात एकही अनोळखी शब्द नाही. ‘मला लागत नाही’ वाचताना तुम्ही थबकणार नाही, कारण ‘लागणे’ तुम्हाला येतं: मला नको, मला गरज नाही. आत्यांना त्या बाडाचं काही पडलेलं नाही, असा अर्थ घेऊन तुम्ही पुढच्या पानावर जाल. पण जरा थांबा. गरज नाही, तर पुष्कळदा काढून का बघितलं? आणि तो ‘पण’ कशाला आला? ‘बघितलं, पण गरज नाही’ हे वाक्य जुळत नाही. इथे वाटायला हवं ते ‘विचित्र’. अक्षर लागणे म्हणजे अक्षर वाचता येणे. वळणदार नसलेलं हस्ताक्षर किंवा मोडी लिपी वाचायला बसलेली माणसं हाच शब्द वापरतात: ‘ही ओळ लागली, ही लागत नाही.’ आत्या म्हणताहेत की मला ते वाचता येत नाही. क्षणात सगळं उलटलं. बाडाकडे पाठ फिरवलेली बाई वेगळी, आणि ते पुन्हा पुन्हा काढून बघणारी, वाचता येत नाही म्हणून अडलेली बाई वेगळी. जाता जाता ‘बाड’चाही निकाल लागला: ती झाडाची पानं नव्हेत, लिहिलेले कागद आहेत.

सहा अनोळखी शब्दांनी जे बिघडलं नसतं ते एका ओळखीच्या शब्दाने बिघडवलं असतं. फोन इथे मदतीला आला नसता. ‘लागणे’ कोण शोधणार? आणि शोधला तरी त्याच्या अर्थांची भली मोठी रांग बघून तुम्ही तो मिटून ठेवला असता.

म्हणून म्हणते, अनोळखी शब्दावर जेवढा पहारा ठेवता त्यातला निम्मा तरी काढून न बसणाऱ्या वाक्यावर ठेवा. मराठीत अशी वाक्यं पुष्कळ भेटतील, कारण आपली निम्मी भाषा लागणे, घेणे, काढणे, येणे असल्या साध्या क्रियापदांवर चालते. ‘तिचा डोळा लागला’ म्हणजे तिला झोप लागली, ‘तिचे डोळे वाटेकडे लागले’ म्हणजे ती वाट बघते आहे. ‘त्याने पाय काढता घेतला’ यात दुखापत कुणालाच झालेली नाही.

आता ‘स्वतःला फसवणं’ या मुद्द्याकडे येते. प्रत्येक शब्द कळला तरच वाचलं म्हणायचं, हे तुम्ही कुठून तरी गृहीत धरलं आहे. बहुधा शाळेतून, तिथे धड्याखाली शब्दार्थ असतात आणि त्यांना गुण असतात. पण मोठ्यांचं वाचन तसं चालत नाही. मुरलेले वाचकही शब्द सोडत जातात. फरक इतकाच की ते कुठला सोडला हे मनात ठेवतात, आणि पुढे तो नडला तर मागे येतात.

किती शब्द सोडून चालतं, याचा अभ्यास झालेला आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली, इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला दिली आणि तिच्यातले काही शब्द काढून त्या जागी निरर्थक शब्द घातले. शंभरातले वीस शब्द असे निरर्थक होते, तेव्हा गोष्ट पुरेशी कुणालाच कळली नाही. मदतीशिवाय नीट कळायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे पन्नासात एक शब्द अनोळखी असला तरी वाचन सुखाने चालतं. अभ्यास परक्या भाषेच्या वाचकांवर होता आणि मराठी तुमची घरची आहे, तेव्हा आकडा काटेकोर धरू नका. पण अंदाज घ्यायला तो चांगला आहे.

नव्या पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडा आणि अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीने नुसते ठिपके द्या. तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहा ठिपके पडले, तर बिनधास्त वाचा आणि कोशाला हात लावू नका. पंधराच्या आसपास असले तर जमेल, पण सावकाश. असं पुस्तक दिवसाला थोडंच वाचावं आणि त्याच्या जोडीला एखादं सोपं चालू ठेवावं. तीस-चाळीस ठिपके असतील तर आज ते पुस्तक तुमचं नाही. ते ठेवून द्या, त्याच काळातलं दुसरं सोपं पुस्तक घ्या. यात कमीपणा कसला? तुम्ही वर्षभर जुन्या कादंबऱ्यांशीच झुंजत आहात आणि एकही पुरी होत नाही, यावरून मला शंका येते की दोष तुमच्या पद्धतीचा थोडा आणि पुस्तकांच्या निवडीचा जास्त असावा. शंभर वर्षांपूर्वीच्या गद्यावर कुणी वाचायला शिकू नये. वाचायची सवय आजच्या गद्यावर करावी, आणि मग तिकडे वळावं.

जुन्या पुस्तकांत आणखी एक गंमत आहे. तिथले बरेच ‘अनोळखी’ शब्द तुमचे रोजचेच असतात, फक्त लेखन जुनं असतं. ‘कांहीं’, ‘जेव्हां’, ‘नांव’, ‘घरांत’, ‘पाहिलें’: यांतले बरेचसे अनुस्वार उच्चारात नव्हतेच, ते व्याकरणाने आणि व्युत्पत्तीने द्यायचे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. त्याआधी छापलेलं पुस्तक हातात असेल तर ठिपके द्यायच्या आधी वाक्य मोठ्याने वाचा. डोळ्याला परका वाटलेला शब्द कानाला पुष्कळदा ओळखीचा निघतो. तुम्ही तर घरात मराठी ऐकतच वाढलात, तुमचा कान तुमच्या डोळ्यांपेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी पुढे आहे. त्याला कामाला लावा.

दुसरं गृहीतक वहीत दडलेलं आहे. शब्द एकदा लिहून घेतला की तो आपला झाला पाहिजे, नाहीतर आपली स्मरणशक्ती वाईट, असं तुम्ही धरून चालता. शब्द असे एका फटक्यात येत नाहीत. स्वानबॉर्न आणि डी ग्लोपर यांनी १९९९ साली वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले: सहज वाचता वाचता भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी मुलांच्या पदरात सरासरी पंधरा पडतात. उरलेले पंच्याऐंशी वाया जात नाहीत. ‘हा कुठेतरी पाहिलाय’ एवढी खूण राहते, पुढच्या भेटीत ती गडद होते. शब्दाची ओळख माणसाच्या ओळखीसारखीच वाढते, आधी चेहरा, मग नाव, मग स्वभाव. ‘फडताळ’ तीन वेगवेगळ्या घरांत तीन वेगवेगळ्या माणसांनी उघडलेलं वाचलं, की ते तुमचं होईल. वहीत ‘फडताळ = कपाट’ असं लिहून ते होणार नाही. आणि तीन घरांत शिरायचं तर तीन पुस्तकं पुरी व्हायला हवीत. तुमच्या पद्धतीचा खरा तोटा हाच: ती तुम्हाला दुसऱ्या भेटीपर्यंत पोचूच देत नाही.

याचा अर्थ संदर्भ नेहमी सांभाळून घेतो असा मुळीच नाही. मैत्रिणींचा ‘अंदाजाने पुढे जा’ हा सल्लाही मला अर्धाच पटतो. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिओन आणि एलन मॅककॅसलिन यांनी १९८३ साली दाखवून दिलं की लेखकाने सहज लिहिलेली वाक्यं शब्दाचा अर्थ शिकवायला बांधील नसतात. काही अर्थाकडे बोट दाखवतात, काही नुसती दिशा दाखवतात, काही गप्प बसतात, आणि काही तर भलतीकडेच नेतात. उपरोधाचं वाक्य हा त्याचा नमुना. ‘काय प्रकांड विद्वान तो, स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहितो’ एवढंच वाचून ‘प्रकांड’चा अर्थ लावायला गेलात तर तो उलटाच लागेल. एका वाक्यावर अर्थ ठरवू नये तो यासाठी.

शब्द फोडण्याचंही तसंच. फोडून बघा, जरूर बघा, मराठीत त्याचा फायदा मोठा आहे. ‘अनाकलनीय’मध्ये आकलन दिसलं की काम झालं. ‘बेमुर्वतखोर’मध्ये ‘बे’ बेफिकीरमधला आणि ‘खोर’ भांडखोरमधला दिसतो. मधली ‘मुर्वत’ माहीत नसली तरी माणूस बरा नाही एवढं कळतंच. पण फोडलेल्या शब्दाला पुरावा मानू नका, तो साक्षीदार आहे. ‘निर्दय’, ‘निष्फळ’ यांच्या वळणावर ‘निष्णात’चा अर्थ लावाल तर फसाल, निष्णात म्हणजे पक्का तरबेज. ‘अमूल्य’ वस्तू कवडीमोल नसते. ‘आनंदनिर्भर’ मन आनंदाने भरलेलं असतं, रिकामं नव्हे.

तिसरा साक्षीदार तुमच्या पत्रात नाही, पण इंग्रजी माध्यमातून आलेल्या वाचकांच्या बाबतीत तो हमखास असतो: हिंदी. सिनेमा आणि टीव्हीतून आलेलं हिंदी मराठी शब्दांना परस्पर अर्थ लावून मोकळं होतं, आणि लावला हे कळतही नाही. ‘घरात त्याच्या लिहिण्याची चेष्टा व्हायची’ यात प्रयत्न नाही, टिंगल आहे. ‘शिक्षा’ झाली म्हणजे दंड झाला. जुन्या पुस्तकात ‘फार यातायात झाली’ असं असेल तर ती वाहनांची नव्हे, दगदग झाली. गणिताच्या पुस्तकातलं ‘व्यस्त’ प्रमाण कुठल्याही कामात गुंतलेलं नसतं. हे शब्द ‘लागणे’च्याच जातीचे, ओळखीचे वाटतात म्हणून दगा देतात. त्यांनाही पकडायची जागा तीच: वाक्य बसत नाही.

मग कोश कधी उघडायचा? माझं मत विचाराल तर प्रकरण संपल्यावर. वाक्याच्या मधे कधीच नाही. वाचताना ठिपका द्या, वाटलं तर समासात पेन्सिलीने तुमचा अंदाज लिहा, बारीक, खोडता येईल असा. प्रकरण संपलं की मागे फिरून ठिपके बघा. बरेचसे तोवर आपोआप सुटलेले असतील, काही सुटले नाहीत तरी काही अडलं नाही असे असतील. झाडं, पाखरं, जुनी मापं, अवजारं हे बहुतेक या दुसऱ्या खात्यात जातात. ‘कसलंसं काटेरी झुडूप’ एवढ्यावर गोष्ट पुढे जात असेल तर जाऊ द्या. जो शब्द सारखा सारखा येतो तो बघा. ज्याच्यावर प्रसंगाचा निर्णय लटकलेला आहे, आपल्या ‘बाड’सारखा, तो बघा. आणि जो नुसता आवडला तो बघा. आवडणं हे कारण पुरेसं आहे.

एक अपवाद मात्र सांगून ठेवते. औषधाच्या चिठ्ठीवरची सूचना, करारनामा, सरकारी नोटीस वाचताना वरचं सगळं विसरा. तिथे अंदाज नको, शब्दन् शब्द पुरता स्पष्ट करून घ्या, नाही कळला तर माणसाला विचारा. कादंबरीत चुकलेला अर्थ पुढच्या प्रकरणात दुरुस्त होतो. सही केलेल्या कागदाला पुढचं प्रकरण नसतं.

कोश उघडलात की एक अडचण येईल, तीही आधीच सांगते. पुस्तकात शब्द ज्या रूपात येतो त्या रूपात तो कोशात नसतो. ‘देवळात’ वाचून ‘देवळ’ शोधाल तर मिळणार नाही, तो ‘देऊळ’पाशी बसला आहे. ‘जावांनी’चा ‘जाऊ’, ‘विंचवाचा’ ‘विंचू’, ‘उंदराला’चा ‘उंदीर’, ‘तळ्याकाठी’चं ‘तळे’. प्रत्यय काढला तरी खाली उरतं ते सामान्यरूप, मूळ शब्द त्याच्याही मागे असतो. क्रियापदं ‘-णे’ लावून बघायची. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत ‘क’ आणि ‘ज’ मध्येच. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक ‘कोशात शब्द नाहीच’ म्हणून नाद सोडतात.

आणि अर्थांची रांग दिसली की पहिला अर्थ उचलू नका. तुमचा समासातला अंदाज त्या रांगेवरून फिरवा आणि त्याच्या सगळ्यात जवळचा अर्थ वाक्यात ठेवून वाचून बघा. अंदाज आधी आणि कोश नंतर, हा क्रम मी एवढ्यासाठीच धरून बसले आहे. अंदाज नसताना कोशात गेलेला माणूस पहिल्या अर्थावर समाधान मानतो.

वही फेकू नका, पण तिची मांडणी बदला. शब्द आणि अर्थ असे दोन रकाने काढण्याऐवजी शब्द ज्यात आला ते आख्खं वाक्य उतरवा आणि त्याखाली तुमचा अंदाज लिहा. उरलेली जागा कोरी ठेवा. तो शब्द दुसऱ्या पुस्तकात भेटला की ते वाक्य तिथे लिहा. एका प्रकरणाचे दोन-तीनच शब्द घ्या, सगळे नकोत. सगळे घेतलेत की ती पुन्हा पाठांतराची वही होईल, आणि तुमचा त्या वहीचा अनुभव काही चांगला नाही.

वाचनगटाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तिथे तुम्ही आता गप्प बसत असाल असं पत्रावरून वाटतं. पुढच्या खेपेला शब्दाचा अर्थ विचारू नका, न बसणारं वाक्य विचारा. ‘हा समोर उभा होता, मग त्याला बातमी कशी लागली? मला हे जुळत नाही,’ असं म्हणून बघा. अशा प्रश्नावर हसणं अवघड असतं, कारण निम्म्यांनी ते वाक्य न थांबताच ओलांडलेलं असतं.

राहिला कोश की फोन हा प्रश्न. तुमचा फोन कोश म्हणून वाईट नाही. वाईट हे की तो फक्त कोश नाही. ‘फडताळ’ शोधायला उचललेला फोन किती वेळाने खाली ठेवला जातो, ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून वाचताना तो दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ठिपके साचले की मग घेऊन बसा. विकत काही घेण्याची घाई करू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या इंटरनेटवरच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात फुकट बघायला मिळतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, अर्थ इंग्रजीत. तुम्हाला ती सोयीची पडेल आणि जुन्या कादंबऱ्यांच्या शब्दांना तर फारच. नंतरचे शब्द अर्थातच तिच्यात नाहीत. ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला, पुरवणी १९५० साली आली. त्यात अर्थ मराठीतच आहेत आणि जुन्या ग्रंथांतली वाक्यं उदाहरणादाखल दिलेली आहेत. आधी मोल्सवर्थ बघा, तिथे अर्थ मिळूनही वाक्य बसलं नाही तर दाते-कर्वे उघडा. सहा महिन्यांनी दुसऱ्याकडेच आधी जावंसं वाटू लागलं, तर छापील कोश घ्यायचा की नाही ते तेव्हा ठरवा.